आत येणं फुकट, बाहेर पडणं विकत : मोबाइल आणि क्लाउडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नकर्त्यांत फोन बदलणारे आहेत, ॲप विकणारे आहेत आणि क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचं, बिल पाहून हबकलेलेही आहेत. विषय वेगवेगळे दिसतात, पण गूगल, ॲपल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांची चढाओढ गिऱ्हाईक आत ओढण्यापुरती जोरात असते. बाहेर पडायच्या दाराशी मात्र चौघांचंही धोरण बऱ्यापैकी सारखं. बहुतेक प्रश्न त्या दाराशीच अडलेत. खाली दिलेले दर कर सोडून आहेत.

प्रश्न : सात-आठ वर्षं अँड्रॉइड वापरतोय, आता आयफोन घ्यायचं चाललंय. सगळे सौदे व्हॉट्सॲपवर, फोटो गूगल फोटोजमध्ये, वसुली यूपीआयवर. बरोबर काय येईल, मागे काय राहील?
— हळदीचे व्यापारी, सांगली

उत्तर : नवा आयफोन दुकानात चालू करून घेऊ नका, कोराच घरी आणा. व्हॉट्सॲपची संभाषणं अँड्रॉइडवरून आणायचा अधिकृत रस्ता ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपमधून जातो आणि तो आयफोन कोरा असतानाच खुला असतो. दुकानदार कौतुकाने सगळं ‘सेट करून’ देतो आणि तिथेच फसगत होते. मग फोन पुसून पुन्हा श्रीगणेशा.

दुसरा गैरसमज बॅकअपचा. रोज रात्री गूगल ड्राइव्हवर जाणारा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उतरत नाही. ड्राइव्हवरचा बॅकअप फक्त अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप वाचतं, आयक्लाउडवरचा फक्त आयफोनवरचं.

कृती अशी. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये एकूण किती जीबी आहे ते पाहा, आयफोनमध्ये त्याहून बरीच जास्त जागा हवी. दोन्ही फोन चार्जरला लावून एकाच वायफायवर ठेवा. आयफोनच्या सुरुवातीच्या पडद्यांत अँड्रॉइडवरून डेटा आणण्याचा पर्याय येतो. तिथे दिसणारा कोड जुन्या फोनवरच्या ‘मूव्ह टू आयओएस’मध्ये टाका आणि यादीत व्हॉट्सॲपवर खूण करा. व्हॉट्सॲप सगळं गाठोडं बांधून जुन्या फोनवरून तुम्हाला लॉगआउट करतं, मग ते पाठवलं जातं. मध्येच जुन्या फोनवर दुसरं ॲप उघडलं किंवा कुणाचा कॉल आला तर काम तुटतं, म्हणून हे बाजार मिटल्यावर रात्री करा. शेवटी आयफोनवर व्हॉट्सॲप उतरवून त्याच नंबराने लॉगिन करायचं. कॉलची यादी येत नाही.

फोटो हलवायची गरजच नाही. गूगल फोटोज आयफोनवरही चालतं. गडबड होते ती दोन कपाटं एकदम उघडी ठेवल्याने. आयक्लाउड फोटोज चालू राहिलं तर त्याची फुकटची ५ जीबी लगेच भरतात, आणि मग कुणी गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ दाबतं. ते बटण फोनमधले फोटो काढून टाकतं. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथूनही जातात, कारण आयक्लाउड फोटोज ही वेगळी प्रत नसते, फोनचा आरसा असतो. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ते ३० दिवस सापडतात. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा. गूगलचा साठा आयक्लाउडमध्ये न्यायचाच असेल तर गूगल टेकआउटमधून (आपला साठा बाहेर काढायची गूगलची सोय) थेट आयक्लाउड फोटोजकडे प्रत पाठवता येते. फाइली उतरवून हाताने चढवायच्या फंदात पडू नका. टेकआउट काही माहिती वेगळ्या जेसॉन फाइलींत ठेवतं, ती जुळली नाही की २०१६चं लग्न आजच्या तारखेला जाऊन बसतं.

यूपीआय नव्या फोनवर पुन्हा जोडावं लागतं. त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसएमएस जातो. अँड्रॉइडवर तो आपोआप जातो, आयफोनवर ‘पाठवा’ तुम्हाला दाबावं लागतं. सिमवर एसएमएस जाण्याइतकं रिचार्ज हवं. नव्या फोनवर अनेक बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात, आयफोनवर काही बँका ७२ तासांपर्यंत. मोठ्या देण्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

प्ले स्टोअरवर विकत घेतलेली ॲप पुन्हा विकत घ्यावी लागतात. तिथली मासिक वर्गणी मात्र फोन विकला तरी चालूच राहते; ती आधी बंद करा.

प्रश्न : गूगलला हजारो कोटींचा दंड झाला म्हणतात. माझ्या फोनवर तर काहीच बदललेलं दिसत नाही. मग तो पैसा गेला कुठे?
— निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, ग्राहकाच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही. तुमच्या वाट्याला येतात ते भारतीय स्पर्धा आयोगाने घातलेले निर्बंध, आणि त्यांचीही वाटेत काटछाट झाली.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ला अँड्रॉइड प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ तक्रार फोन बनवणाऱ्यांवर लादलेल्या करारांची होती. प्ले स्टोअर हवं तर गूगलच्या ॲपांचा पूर्ण गठ्ठा घ्या, शोधपट्टी पहिल्याच पडद्यावर ठेवा. आणि अँड्रॉइडची वेगळी घडवलेली आवृत्ती एका जरी मॉडेलवर विकलीत तरी करार मोडला. प्ले स्टोअर नसलेला फोन भारतात कोण घेणार? त्यामुळे सही करण्याखेरीज कंपन्यांना इलाज नव्हता.

राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ला दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. आधीपासून बसवलेली ॲप पूर्ण काढून टाकता यावीत, हा निर्देश त्या चारांतच गेला. तुमच्या फोनवर काही गूगल ॲपांसमोर ‘अनइन्स्टॉल’ऐवजी ‘डिसेबल’च दिसतं ते म्हणूनच. जे टिकलं त्याचा परिणाम नव्या फोनवर दिसतो : फोन बनवणाऱ्याला गूगलची ॲप सुटी-सुटी घेता येतात आणि फोन पहिल्यांदा चालू करताना शोधयंत्र निवडायचा पडदा येतो. तुमचा फोन जुना असेल तर तो पडदा तुम्ही पाहिलेलाच नाही.

जुन्या फोनवरही क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शोधयंत्र बदलता येतं आणि दुसरा ब्राउझर ‘डीफॉल्ट’ करता येतो. पहिल्या पडद्यावरची गूगलची पट्टी मात्र याने बदलत नाही. ती वेगळी वस्तू आहे, दाबून धरून काढावी लागते, आणि काही फोनांवर तेवढंही होत नाही.

एका पट्टीसाठी एवढा आटापिटा का, हे अमेरिकेतल्या खटल्यात आकड्यांनिशी बाहेर आलं. शोधयंत्र म्हणून आपलं नाव आधीपासून ठेवलं जावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. २०२२मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २,००० कोटी. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही बेकायदा मक्तेदारी ठरवली. सप्टेंबर २०२५च्या आदेशात ‘फक्त आम्हीच’ अशा अटीचे करार बंद झाले, पैसे देणं मात्र बंद झालं नाही. म्हणजे गूगल आणि ॲपल हे बाजारातले दोन मल्ल फोनवर एकमेकांशी लढतात आणि शोधपट्टीवर एका ताटात जेवतात.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीचं ॲप काढतोय. कोर्स ५०० रुपयांना. गूगल ३० टक्के कापतं म्हणतात. दुसरा पेमेंट गेटवे लावला तर कमिशन वाचेल का?
— शिकवणीवर्ग चालक, नाशिक

उत्तर : ३० टक्के तुमच्यासाठी नाहीत. वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरच्या विक्रीवर प्ले स्टोअरचा दर १५ टक्के आहे, पण तो आपोआप लागत नाही. प्ले कन्सोलमध्ये (विकसकांच्या नियंत्रण पानावर) ‘अकाउंट ग्रुप’ तयार करून अटी मान्य कराव्या लागतात. हे न केल्याने महिनोन्‌महिने ३० टक्के भरणारे लोक आहेत. ॲपलचीही छोट्या विकसकांसाठी १५ टक्क्यांची योजना आहे, तिथेही अर्ज करावा लागतो.

आता गेटवेचा हिशेब. भारतात गूगलच्या बिलिंगशेजारी दुसरा गेटवे लावता येतो. त्यातून पैसे आले तर गूगलचं कमिशन ४ टक्के-बिंदूंनी उतरतं, म्हणजे १५चे ११. कोर्सवरचा कर बाजूला ठेवून ५०० रुपयांवर गूगलच्या रस्त्याने ७५ रुपये जातात. दुसऱ्या रस्त्याने ५५ रुपये गूगलला, १० रुपये गेटवेला (२ टक्के धरून) आणि त्या दहांवर १८ टक्के जीएसटी १.८० : एकूण ६६.८०. वाचले ८ रुपये २० पैसे. त्या बदल्यात असा प्रत्येक व्यवहार एपीआयमधून (दोन यंत्रणांना जोडणाऱ्या दुव्यातून) २४ तासांत गूगलला कळवायचा, परतावे स्वतः द्यायचे, ‘पैसे कापले, कोर्स दिसत नाही’ हे फोन स्वतः घ्यायचे. वर्षाला हजार विद्यार्थी असतील तर ८,२०० रुपयांसाठी हा व्याप. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, नाही, तेव्हा गेटवेवाल्याशी यूपीआयच्या दरावर घासाघीस जरूर करा. पण त्यानेही चित्र फारसं पालटत नाही. चार टक्क्यांची सूट इतक्या नेमकेपणाने आखली आहे की ती गेटवे आणि हिशेबातच जिरते.

खरी बचत दुसरीकडे आहे. कोर्स तुमच्या संकेतस्थळावर विका आणि ॲप फक्त लॉगिन करून व्हिडिओ पाहण्यापुरतं ठेवा. प्ले स्टोअरला असं ‘विक्री नसलेलं’ ॲप चालतं. तसंच कुरियरने जाणाऱ्या छापील नोट्सवर कमिशन नसतंच, कारण ते वस्तूंवर लागत नाही, डिजिटल मालावर लागतं. छापील संच आणि व्हिडिओ एकाच बटणावर विकाल तर समीक्षक ॲप अडवतील. दोन बटणं ठेवा.

प्ले बिलिंगच्या प्रकरणात आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ला ९३६.४४ कोटींचा दंड केला होता. न्यायाधिकरणाने मार्च २०२५मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. पण कज्जा चालू आहे म्हणून कमिशन थकवायचा विचार असेल तर मार्च २०२४ आठवा. गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप एका दिवसात प्ले स्टोअरवरून उतरवली, त्यांत विवाहजुळणी आणि नोकरीची नामांकित ॲप होती. सरकार मध्ये पडलं म्हणून ती परत आली. नाशिकच्या शिकवणीसाठी कुणी मध्ये पडणार नाही.

एक व्यावहारिक अडसर : १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकसक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडक लोकांपुरती) करून घ्यावी लागते. मध्येच दोघं गळाले की मोजणी फसते. पंधरा-सोळा विद्यार्थी धरा आणि बॅच सुरू व्हायच्या महिनाभर आधी कामाला लागा.

प्रश्न : दहा जणांची कंपनी आहे. ॲमेझॉनची फुकटची क्रेडिट्स संपली आणि पहिलंच खरं बिल २,१०० डॉलरचं आलं. गूगल क्लाउडवाले नवी क्रेडिट्स द्यायला तयार आहेत. उडी मारावी का?
— सॉफ्टवेअर कंपनी, बाणेर, पुणे

उत्तर : आधी बिल फोडा. क्रेडिट्स चालू असताना बिल कुणी वाचत नाही, आणि क्रेडिट्स देण्यामागचा धंदा तोच आहे.

ॲमेझॉनचं खर्च दाखवणारं ‘कॉस्ट एक्सप्लोरर’ उघडा, मागचे तीन महिने घ्या, ‘चार्ज टाइप’मधून क्रेडिट वगळा म्हणजे जुन्या महिन्यांचाही खरा खर्च दिसेल. गट ‘सर्व्हिस’नुसार पाडू नका, ‘यूसेज टाइप’नुसार पाडा. सर्व्हिसनुसार पाहिलं तर ‘ईसी२-अदर’ (ईसी२ म्हणजे ॲमेझॉनची भाड्याची यंत्रं) नावाची एक जाडजूड ओळ येते आणि तिच्या पोटात काय दडलंय ते कळत नाही. मुंबई रीजनच्या (तिथल्या सर्व्हरकेंद्रांच्या) ओळींची सुरुवात ‘एपीएस३’ने होते.

तिथे ‘नॅटगेटवे-बाइट्स’ वर आलेलं दिसण्याची दाट शक्यता आहे. खाजगी सबनेटमधली, म्हणजे इंटरनेटला थेट न जोडलेली, यंत्रं बाहेर बोलतात ती नॅट गेटवेतून. मुंबईत त्याचं भाडं ताशी ०.०५६ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ४१ डॉलर, आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला पुन्हा ०.०५६. समजा तुमची कंटेनर प्रतिमा (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) १.२ जीबीची आहे आणि ऑटोस्केलिंगमुळे (गर्दीप्रमाणे यंत्रं आपोआप वाढल्याने) ती दिवसातून ४० वेळा ओढली जाते. महिन्याला १,४४० जीबी, ८० डॉलर. हा माल ॲमेझॉनच्याच ईसीआरमधून (अशा प्रतिमांच्या कोठारातून) ॲमेझॉनच्याच सर्व्हरवर चाललेला असतो, तरी टोलनाक्यावरून जातो म्हणून टोल. उपाय फुकट आहे : व्हीपीसीमध्ये (क्लाउडवरच्या तुमच्या खाजगी नेटवर्कमध्ये) एस३चा (ॲमेझॉनच्या फाइल-कोठाराचा) ‘गेटवे एंडपॉइंट’ तयार करा आणि तो खाजगी सबनेटच्या रूट टेबलला (रस्ते ठरवणाऱ्या तक्त्याला) जोडा. ईसीआरमधल्या प्रतिमांचे थर एस३मध्येच ठेवलेले असतात, त्यामुळे बहुतेक भार तिकडे वळतो. एंडपॉइंट तयार केला पण रूट टेबलवर खूण करायची राहिली, ही नेहमीची चूक. बिल तसंच राहतं आणि लोक म्हणतात फरक पडला नाही.

मग लॉग, म्हणजे यंत्रांनी लिहिलेल्या नोंदी. क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या नोंद-सेवेत लॉग ठेवण्याची मुदत ठरवली नाही तर ते कायमचे राहतात. प्रत्येक लॉग ग्रुपला १४ किंवा ३० दिवस लावा आणि प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष ग्राहकांच्या यंत्रणेवर) चुकून चालू राहिलेलं ‘डीबग’ बंद करा; लॉगचा मोठा खर्च साठवणीचा नसतो, आत घेण्याचा असतो. फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लागतात : पत्त्यामागे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. विसरलेले लोड बॅलन्सर (यंत्रांत भार वाटणारे) शोधा. जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्क नव्या जीपी३ प्रकारच्या करा. चालू यंत्रावर, बंद न करता होतं आणि जीबीमागे सुमारे २० टक्के कमी पडतात. मेलेल्या यंत्रांचे स्नॅपशॉट (डिस्कच्या प्रती) आणि एस३मधले अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी चढवायचे) अपलोड नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण पैसे खातात; त्यांना लाइफसायकल नियम लावा.

इतकं करून उरलेल्या बिलावर उडीचा विचार करा. सगळे घाबरतात ते डेटा बाहेर काढण्याच्या शुल्काला. मुंबईतून इंटरनेटवर जाणारे पहिले १०० जीबी महिन्याला फुकट, पुढे १० टीबीपर्यंत जीबीला ०.१०९३ डॉलर. तुमचा साठा ५ टीबी असेल तर साधारण ५५० डॉलर. पण सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करायला गूगलने जानेवारी २०२४मध्ये सुरुवात केली आणि मार्चमध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टने तेच केलं. युरोपचा डेटा कायदा येऊ घातला होता, एरवी एवढं औदार्य कुणाला सुचत नाही. माफी मागून मिळते : डेटा हलवण्याआधी सपोर्टकडे अर्ज करायचा, मंजुरीनंतर ६० दिवसांत काम संपवायचं. आधी हलवून मग अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अडकवणारी गोष्ट शुल्क नाही, कोड आहे. तुमचा डेटाबेस आरडीएसवरचा (ॲमेझॉनच्या डेटाबेस-सेवेवरचा) पोस्टग्रेस असेल तर लॉजिकल रेप्लिकेशनने (प्रत्येक बदल दुसऱ्या प्रतीत उतरवत राहून) तो दुसरीकडे चालवता येतो. खंड काही मिनिटांचा. डायनॅमोडीबी, म्हणजे ॲमेझॉनचा स्वतःचा डेटाबेस, असेल तर गूगलकडे तशीच वस्तू नाही. प्रत्येक क्वेरी नव्याने लिहावी लागेल. लॅम्डा (कोड चालवणारी सेवा) आणि एसक्यूएसच्या (निरोपांची रांग) साखळ्या, आयएएमच्या (कुणी काय करायचं ते ठरवणारी सेवा) परवानग्या यांचंही तसंच. ‘आम्ही कुबरनेटीसवर आहोत, कुठेही जाऊ’ हे अर्धसत्य आहे. कुबरनेटीस ही कंटेनर सांभाळणारी प्रणाली : तिच्यातले पॉड (चालते कंटेनर) जातात, लोड बॅलन्सरच्या सूचना, डिस्कचे वर्ग आणि परवानग्या मागे राहतात. शिवाय एक-दोन महिने दोन्हीकडची बिलं भरायची, आणि एक किंवा तीन वर्षांचा ‘सेव्हिंग्ज प्लॅन’ (ठरावीक वापराचा सवलतीचा करार) घेतला असेल तर तो वापरा न वापरा, चालू राहतो.

अंतराचा मुद्दा तर गैरलागू आहे. तिघांचीही रीजन जवळ आहेत : मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ २०१५पासून पुण्यातच, ॲमेझॉन २०१६पासून आणि गूगल २०१७पासून मुंबईत.

पोस्टग्रेस आणि साधे कंटेनर एवढंच असेल तर गूगलची क्रेडिट्स घ्या, पण वर्षभराने तीही संपतील हे धरून पहिल्या दिवसापासून तिथलं बिल वाचा. डायनॅमोडीबीत रुतलेले असाल तर बिल १,४०० डॉलरपर्यंत उतरवणं हे उडीपेक्षा स्वस्त काम आहे. आणि गूगलचा लेखी प्रस्ताव ॲमेझॉनच्या विक्री प्रतिनिधीला जरूर दाखवा. या धंद्यातली स्पर्धा सगळ्यात जास्त तिथेच उपयोगी पडते.

प्रश्न : आमचे सर्व्हर मुंबईत. तरी २० ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेतली ॲमेझॉनची यंत्रणा कोसळल्यावर आमचं ॲप का बंद पडलं? दोन क्लाउड ठेवायचे का?
— ऑनलाइन विक्री ॲपचे तंत्रप्रमुख, कोल्हापूर

उत्तर : बिघाड उत्तर व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये झाला, आपल्याकडे नरकचतुर्दशीची दुपार होती. डायनॅमोडीबीचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही, तिथे स्वयंचलित कारकून लिहितात. त्यातला एक रेंगाळला आणि त्याने जुना आराखडा नव्यावर लिहिला. त्याच वेळी दुसरा जुने आराखडे झाडून काढत होता. त्याने तो जुना समजून पुसला. वहीत नाव राहिलं, पत्ता कोरा. डीएनएस तीनेक तासांत सुधारला, पण डायनॅमोडीबीवर विसंबलेली ईसी२ची यंत्रणा पहाटेपर्यंत सावरत होती.

मुंबईतली यंत्रं त्या दिवशी चालूच होती. तुम्ही बंद पडलात ते उसनवारीमुळे. ॲमेझॉनच्या काही सेवा नावाने जागतिक, पण त्यांचं नियंत्रण व्हर्जिनियात आहे : आयएएममध्ये नवी परवानगी घालणं, रूट ५३मध्ये (ॲमेझॉनच्या डीएनएस-सेवेत) नोंद बदलणं. आधीच्या परवानग्या आणि नोंदी चालत राहतात, पण नेमक्या संकटात त्या बदलायला जाल तर हात बांधलेले. त्याहून मोठं कारण बाहेरच्या सेवा. ओटीपी पाठवणारा, लॉगिन सांभाळणारा, एरर गोळा करणारा, फीचर-फ्लॅगवाला (ॲपमधल्या सोयी चालू-बंद करणारा), यांतले किती जण व्हर्जिनियात बसलेत ते त्यांना विचारलंत का?

त्यामुळे पहिलं काम दुसरा क्लाउड नव्हे. ॲप उघडल्यापासून ऑर्डर होईपर्यंत लागणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या पत्त्याची यादी करा आणि चाचणीच्या सर्व्हरवर एकेक पत्ता मुद्दाम अडवा. एरर गोळा करणारी सेवा अडवल्यावर ऑर्डर अडली तर दोष तुमच्या कोडचा : तिला २ सेकंदांची टाइमआउट लावा आणि ती गेली तरी पुढे जाऊ द्या. ओटीपीसाठी दोन पुरवठादार ठेवा. तुमचं ‘सेवा बंद आहे’ सांगणारं पान तुमच्याच क्लाउडवर ठेवू नका. डीएनएस बदलून पर्यायी रीजनकडे वळायची योजना असेल तर ती वळण्याची व्यवस्था आधीच हेल्थ-चेकवर (यंत्रणा चालू आहे का ते आपोआप पाहणाऱ्या तपासणीवर) बांधून ठेवा, आयत्या वेळी हाताने नोंद बदलायच्या भरवशावर नको.

दोन क्लाउडबद्दल : त्याच्या नवव्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युअर फ्रंट डोअर (त्यांच्या क्लाउडची रहदारी वळवणारी सेवा) कोसळलं. त्याआधी १२ जूनला गूगल क्लाउड जगभर आडवं झालं होतं. दोन्हीकडे अर्धा-अर्धा पसारा ठेवलात तर तुम्ही दोघांच्याही बिघाडांचे भागीदार होता.

प्रश्न : टॅली आणि एसक्यूएल सर्व्हर कार्यालयातून क्लाउडवर न्यायचंय. विंडोजचं लायसन्स आधीच विकत घेतलेलं आहे. सल्लागार म्हणतो, ॲमेझॉनपेक्षा ॲझ्युअरवर स्वस्त पडेल. एकाच सॉफ्टवेअरला दोन भाव कसे?
— सनदी लेखापाल, ठाणे

उत्तर : भाव यंत्राचा नाही, लायसन्सचा वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०१९पासून मायक्रोसॉफ्टने ॲमेझॉन, गूगल, अलीबाबा आणि स्वतःची वेगळी यादी केली. त्यानंतर घेतलेलं साधं लायसन्स या यादीतल्यांच्या राखीव यंत्रांवरही नेता येत नाही. ‘सॉफ्टवेअर ॲश्युरन्स’ (लायसन्सवर वेगळे पैसे भरून घ्यायचा मायक्रोसॉफ्टचा करार) असेल तर एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, ॲमेझॉनवर नेता येतो, पण विंडोज सर्व्हरला ती मोकळीक नाही. तिथे विंडोजचे पैसे यंत्राच्या भाड्यातून पुन्हा मोजावे लागतात. ॲझ्युअरवर मात्र ‘हायब्रिड बेनिफिट’खाली तेच ॲश्युरन्सवालं लायसन्स चालतं. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२५च्या अहवालात हीच पद्धत स्पर्धेला मारक ठरवली. सल्लागाराचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

सही करण्याआधी जुन्या बिलावर पाहा : सॉफ्टवेअर ॲश्युरन्स आहे का आणि चालू आहे का? लॅपटॉप-सर्व्हरसोबत आलेलं ओईएम लायसन्स कुठेच जात नाही. एसक्यूएल सर्व्हरला व्हर्च्युअल यंत्रामागे किमान ४ कोअर (प्रोसेसरचे गाभे) मोजले जातात. दोन कोअरचं यंत्र घेतलं तरी चारांचंच लायसन्स लागेल. यादीबाहेरचा छोटा भारतीय पुरवठादारही विचारात घ्या. ऑक्टोबर २०२२पासून ॲश्युरन्स असलेली लायसन्सं तिथे नेता येतात.

आणि टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉपचं (दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या सोयीचं) वेगळं लायसन्स लागतं, हे हमखास विसरतात. मूळ विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच जण, तेही देखभालीपुरते, शिरू शकतात. रिमोट डेस्कटॉप सेवा चालू केली की १२० दिवस सगळं झकास चालतं आणि १२१व्या दिवशी सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. मेमध्ये सर्व्हर उभा केलात तर हा दिवस नेमका विवरणपत्रांच्या घाईत उगवेल.

प्रश्न : अँड्रॉइड आणि आयओएस सोडून तिसरी प्रणाली का टिकत नाही? भारतीय प्रणाली वापरून पाहावी का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : प्रणाली बनवणं अवघड नाही, ॲप जमवणं अवघड आहे. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय घेतला, २०१५मध्ये त्यापायी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि पुढे विंडोज फोनच गुंडाळला. पैशाची वा अभियंत्यांची कमतरता होती असं म्हणता येणार नाही. ॲप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, ग्राहक नाहीत म्हणून ॲप नाहीत.

अँड्रॉइडचा पाया मुक्त स्रोत आहे, त्यावर कुणीही प्रणाली उभी करू शकतं. आयआयटी मद्रासच्या छत्राखाली जानेवारी २०२३मध्ये दाखवलेली भारओएस त्याच पायाची. पण नकाशा, सूचना पोचवणं, पेमेंट यांसाठी बहुतेक ॲप गूगल प्ले सर्व्हिसेसवर टेकलेली असतात, आणि ती मुक्त नाही. बँकांची अनेक ॲप सुरू होताना गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीकडे फोनची खातरजमा मागतात, गूगलने न प्रमाणित केलेल्या प्रणालीवर ती नापास होते आणि ॲप पहिल्याच पडद्यावर बंद पडतं. मे २०१९नंतर गूगलविना पडलेल्या ह्युवेईने स्वतःचं दुकान उभारलं, ते चीनमध्ये चाललं कारण तिथे गूगल आधीपासूनच नव्हतं.

शिकण्यासाठी जरूर करा, पण रोजच्या फोनवर नको. बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा भाग) उघडता येणारा जुना फोन घ्या. उघडताना आतला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा प्रत आधी काढा. प्रणाली टाकल्यावर सगळ्यात आधी बँकेचं ॲप आणि यूपीआय चालतंय का ते पाहा. बाकी सगळं त्यानंतर.